ताईच्या टेबलावरचा डोळा

१

पेटी नाहीशी झाल्यावर मालकांनी आधी चोर ठरवला आणि मग मला फोन केला. बहुतेक मालक हाच क्रम पाळतात. माझी तक्रार नाही, त्यावरच माझं पोट चालतं.

"नोकरीसाठी आलेली एक मुलगी आहे," ते म्हणाले. "पेटी गेली तेव्हा खोलीत तीच होती. तुम्ही फक्त येऊन बघून जा आणि तसा रिपोर्ट द्या."

माझा धंदा नोकरीआधीच्या चौकशीचा. कुणाला कामावर घ्यायचं असलं की माणूस सरळ आहे की वाकडा, हे मी जुन्या कचेऱ्यांत विचारून येते आणि अर्ध्या पानात लिहून देते. शहरातली निम्मी दुकानं-कारखाने माझं अर्धं पान वाचल्याशिवाय माणूस ठेवत नाहीत, म्हणून लोक मला चौकशीबाई म्हणतात. त्या पानावर एकदा 'चोरीचा संशय' असं आलं की त्या माणसाला कुणी दारात उभं करत नाही. त्यामुळे हे शब्द मी फार जपून वापरते, आणि 'तसा' रिपोर्ट कुणी मागितला की माझं डोकं फिरतं.

मालकांची कार्यशाळा कृत्रिम डोळ्यांची. अपघातात, आजारात डोळा गमावलेल्या माणसाला मापाचा, हुबेहूब दुसऱ्या डोळ्यासारखा डोळा करून द्यायचा, हे काम. काचेच्या दारावर आतून जाहिरात चिकटवली होती: बुबुळं रंगवणारा कलाकार पाहिजे, पगार महिना अठ्ठेचाळीस हजार. हल्ली जाहिरातीत पगार लिहिण्याचा नियम आलाय, त्यामुळे आकडा ठळक होता. रस्त्यावरून जाणारे दोघं-तिघं तो वाचून थांबले आणि एकमेकांकडे बघून पुढे गेले.

आत शिरल्यावर बिनखिडकीची बैठकीची खोली. पिवळे दिवे, भिंतीवर गोल आरसा, समोर काउंटर. काउंटरवर चाळिशीची एक बाई बसली होती. तिने माझं नाव लिहून घेतलं आणि मान वर न करता म्हणाली, "जा आत. मालक वाट बघताहेत."

आतली खोली मात्र उजेडाने भरलेली. भिंतभर खिडकी, तिच्याकडे तोंड केलेली दोन टेबलं, आणि बाकीच्या तिन्ही भिंतींना फळ्या. फळ्यांवर डोळे. आपण खोलीत शिरल्यावर खोलीतल्या माणसांकडे बघतो. इथे खोलीच माझ्याकडे बघत होती आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

"ही ताईंची जागा," मालक रिकाम्या टेबलाकडे बोट दाखवून म्हणाले. "बावीस वर्षं बसल्या इथे. आमच्याकडे असा हात पुन्हा होणार नाही. गेल्या हिवाळ्यात झोपेतच गेल्या. त्यांनी रंगवलेल्या नमुन्याच्या बुबुळांची एक पेटी होती, शंभर-सव्वाशे रंग. ती गेली. त्या पेटीवरच आमचा सगळा धंदा बेतलेला आहे."

"आणि ती मुलगी?"

"पाचवी."

"पाचवी म्हणजे?"

मालकांनी दाराकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "या जागेसाठी आधी चौघी आल्या. परीक्षेच्या दिवशी त्या टेबलापाशी गेल्या आणि चौघीही पळाल्या. एकीने तर चपलासुद्धा मागितल्या नाहीत. टेबलावर एक डोळा ठेवलेला असायचा."

"इथे डोळा असणारच की."

"असा नाही हो. जिची परीक्षा, तिचाच डोळा. तिचाच रंग, तिचाच ठिपका. जणू ताईंनी आदल्या दिवशी बसून रंगवून ठेवलाय."

२

मला भुताची भीती नाही. माझ्या धंद्यात जिवंत माणसंच इतकी भेटतात की मेलेल्यांसाठी वेळ उरत नाही. पण मालकांनी कपाटातून तो पाचवा डोळा काढून माझ्या तळहातावर ठेवला, आणि काय सांगू, हात आखडला माझा. मधासारखं तपकिरी बुबुळ, कडेला एक गडद ठिपका, पांढऱ्या भागात केसाहून बारीक लाल रेशमाच्या शिरा. डोळा थंडगार होता आणि कुणाची तरी वाट बघत होता.

मी तो नाकाशी नेला. उग्र, औषधी वास आला.

"हा वास कसला?"

दुसऱ्या टेबलावरचा कारागीर हसला. अंगाने काडी आणि कानामागे कायम कुंचला, म्हणून सगळे त्याला पेन्सिल म्हणत. "साच्यातल्या रसायनाचा. आठवडाभर राहतो, मग जातो."

म्हणजे हा डोळा ताज्या हातचा होता. हिवाळ्यात गेलेल्या बाईचा नव्हे. मी पेन्सिलच्या शेजारी स्टूल ओढून बसले.

"असा डोळा तुम्ही करू शकता?"

"मी?" त्याने कुंचला खाली ठेवला. "बाई, मी डोळा करतो, ताई नजर करायच्या. फरक आहे. या बुबुळातल्या रेषा बघा. असा हात एकाच बाईचा होता."

"ताईंच्या जागेवर तुम्हाला बसायचं नव्हतं?"

त्याचा चेहरा असा झाला जणू मी त्याच्या ताटातलं काही उचललं. "मला तीस मिळतात. मालकांचा रिवाज असा की पगार आणि पोटातलं दुखणं बाहेर बोलायचं नाही. बोललात तर हिशेब घेऊन घरी. त्यामुळे कुणाला किती, कुणाला ठाऊक नसायचं. फक्त ताई एकदा सहज बोलून गेल्या होत्या, मला वीस मिळतात म्हणून. मला लाज वाटली होती, खरं सांगतो. त्यांच्याहून मला जास्त! आणि आता नव्या पोरीला पहिल्या दिवसापासून अठ्ठेचाळीस? काचेवर लावून?" तो खिडकीबाहेर बघत राहिला. "ताई का नाही येणार परत? मी असतो तर मीही आलो असतो."

"म्हणजे भुतानेच पेटी नेली म्हणता?"

"ज्याची त्याने नेली, एवढंच म्हणतो."

हे उत्तर मला जितकं मूर्खपणाचं वाटलं, तितकंच ते नंतर खरं निघालं.

३

पाचवी एका जिन्याखालच्या खोलीत राहत होती. तिचा डोळा मी आधीच हातात घेऊन बघितलेला होता, त्यामुळे तिने दार उघडून माझ्याकडे बघितलं तेव्हा मी आधी ठिपकाच शोधला. तोच मध, तोच ठिपका.

"तुम्ही चौकशीबाई ना?" ती म्हणाली. "लिहून टाकलंत का माझ्याबद्दल?"

"अजून नाही. आधी पाणी दे."

तिने पेला माझ्यापुढे आपटून ठेवला. ती कृत्रिम दातांच्या कारखान्यात दातांना रंग द्यायची. "तुम्हाला सांगते, दात पांढरा नसतो. वीस प्रकारचा पिवळा असतो. माझी नजर तिथे तयार झाली. पण कुठेही नोकरी मागायला गेले की पहिला प्रश्न, आता किती मिळतात? मी खरं सांगायची, बारा. मग म्हणायचे, चल, चौदा देतो. कामाचं मोल कुणी विचारत नव्हतं, माझ्या जुन्या मालकाच्या चिक्कूपणात दोन मिळवून देत होते. इथे पहिल्यांदा आकडा आधी लिहिलेला बघितला. जुनी नोकरी सोडून आले. त्या जागेवर त्यांनी दुसरी घेतलीसुद्धा."

"आणि तू मात्र पळाली नाहीस."

"मला तो डोळा बघून आनंदच झाला. इतकं सुंदर काम! बैठकीतल्या आरशात धरून बघितला, अगदी माझा. काळजात धस्स झालं, खोटं कशाला बोलू. मग खिडकीपाशी गेले आणि पेन्सिलकाकांचा हातआरसा घेऊन पुन्हा बघितला. तिथे तो माझा नव्हता. हिरवट मारत होता."

"हिरवट?"

"थोडासाच. दुसऱ्या कुणाला कळला नसता. मी मोठ्याने म्हटलं, ज्याने केलाय त्याचा हात सोन्याचा आहे, पण नजर कच्ची. थांबा, ताईंच्या पेटीतल्या बुबुळांशी लावून बघते, हात ओळखू येईल. रंगाचे हात धुवायला गेले, परत आले तर पेटी नाही."

"हे बोललीस तेव्हा कोण कोण होतं?"

"मालक होते, पेन्सिलकाका होते, काउंटरवरच्या मावशी दारात होत्या. मावशींनीच नंतर माझ्या पिशवीची झडती घेतली. काही निघालं नाही तरी मालक म्हणाले, बाहेर कुणाला तरी दिली असेल." तिचे डोळे भरले आणि तिने ते चिडून पुसले. "बाई, मला नोकरी नको दिली तरी चालेल. पण तुमच्या कागदावर चोर म्हणून गेले तर मला दातसुद्धा कुणी रंगवायला देणार नाही."

मी तिला काही वचन दिलं नाही. देण्याची सवय नाही. पण बाहेर रस्त्यावर आले तेव्हा ठरवलं होतं, की या पोरीच्या नावापुढे ते दोन शब्द माझ्या हातून जाणार नाहीत.

घरी जाऊन आधीच्या चौघींतल्या एकीला फोन लावला. ती अजूनही कुजबुजत बोलत होती. "मीसुद्धा बैठकीतल्या आरशात बघितलं हो. माझाच होता. खिडकीपाशी? नाही, तिकडे कोण जातंय! मी बाहेर."

"परीक्षेच्या आधी कधी गेली होतीस तिथे?"

"अर्ज द्यायला. आणि अर्ज देऊन लगेच सुटका झाली असं नाही. काउंटरवरच्या बाईंनी तासभर बसवून ठेवलं."

४

काउंटरवरची बाई म्हणजे धाकटी. ताई ही तिची सख्खी मोठी बहीण. तिच्या तोंडचं 'ताई' ऐकून ऐकून सगळी कार्यशाळाच तिला ताई म्हणायला लागली होती. धाकटी ताईच्याच घरी राहायची आणि ताईच्या पश्चात आजारी भावोजींचं सगळं तीच करत होती. मी घर बघायचं म्हटल्यावर तिने किल्ली पुढे केली. "भावोजी आहेत. मला काउंटर सोडता येत नाही."

तिच्या स्वेटरच्या बाहीला लाल रेशमाचा एक तंतू चिकटला होता. कारखानाच तसला, तंतू उडणारच, असं मी मनाशी म्हटलं. चौकशीबाईसुद्धा कधी कधी डोळे मिटून घेतात.

भावोजी खुर्चीत बसून होते. मूत्रपिंडं निकामी झालेली, एक दिवसाआड दवाखान्यात मशीनवर जावं लागायचं. बोलायला माणूस मिळाल्यावर ते खुलले.

"माझ्या बायकोने मला जगवलं, बाई. चार वर्षं. तिच्या पगारावर. मी विचारायचो, पुरतात का गं पैसे? तर म्हणायची, तुम्ही रक्त धुऊन घ्या, पैसे मी धुते." ते हसले.

"काम घरी आणायच्या का त्या?"

"रोज. चारही वर्षं, संध्याकाळी डबा भरून बुबुळं. दोघी बहिणी त्या टेबलाशी दिव्याखाली बसायच्या. मी इथून त्यांचं बोलणं ऐकत झोपून जायचो. अजूनही ऐकू येतं मला. धाकटी एकटीच बसते आता, तरी दोघींचं ऐकू येतं."

टेबलावर झाकणाचा एक पेला होता, झाकणातून नळी काढलेला. मी तो सरकवून त्यांच्या हाताशी ठेवला. "पाणी देऊ?"

"तो माझा नाही," भावोजी म्हणाले. "तिचा आहे. उचलून ठेवायला कुणाचा हात होत नाही."

"ताईंचा? नळीने प्यायच्या?"

"शेवटी शेवटी साध्या पेल्यातलं सगळं अंगावर सांडायचं ना तिच्या."

मी पेला खाली ठेवला. इतक्या सावकाश, की जणू तो भरलेला होता.

५

नोकरीच्या बाविसाव्या वर्षी ताईचा हात थरथरत होता. पेला धरवत नव्हता. आणि त्याच वर्षी केसाहून बारीक रेषांची बुबुळं कार्यशाळेत जात होती. मग ती कुणी रंगवली, हे शोधायला काही चौकशीबाई लागत नाही. पण 'का' अजून कळलं नव्हतं. पेन्सिल म्हणत होता ताईंना वीस मिळायचे, काचेवर होते अठ्ठेचाळीस. बहिणीवर झालेला अन्याय बघून धाकटी मालकांवर सूड उगवत असेल, असं मी धरून चालले. मालक चिक्कू, हे धरून चालणं मला फार सोपं जातं.

मी सरळ मालकांच्या खोलीत गेले.

"जाहिरातीतला आकडा कसा ठरवलात?"

"ठरवायचंय काय त्यात? नियम आला, पगार लिहा. लिहिला."

"ताईंना मात्र वीस देत होतात."

मालक भडकले. मला वाटलं होतं ओशाळतील. "कोण म्हणतं? कुणी सांगितलं तुम्हाला? पेन्सिलने? त्याला म्हणावं स्वतःच्या तोंडाला टोपण लाव! बाई, मी चिक्कू असेन, नाही म्हणत नाही. पण ताई सोडून गेल्या असत्या तर मला कुलूप लावावं लागलं असतं. भावोजींचं दुखणं निघालं तेव्हा त्या इथेच, याच खुर्चीत बसून रडल्या. त्या महिन्यापासून त्यांना अठ्ठेचाळीस देत आलोय. त्यांना द्यायचो तेवढाच आकडा काचेवर लावला. मला दुसरा येतोच कुठे?"

माझ्या हातातली पेन्सिल, खरी लाकडाची, खाली पडली.

"आणि हे कुणालाच माहीत नव्हतं?"

"सांगायचा रिवाजच नाही आमच्याकडे."

मी बैठकीत आले तेव्हा काचेच्या दारावर बाहेरून ऊन पडलं होतं. जाहिरातीचा कागद त्या उन्हात पारदर्शक झाला होता आणि आकडा उलटा दिसत होता. काउंटरवर बसणाऱ्या माणसाच्या अगदी नजरेसमोर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाचवीला घेऊन गेले. धाकटीने तिला बघितलं आणि पेन उघडं-बंद करत राहिली. मालक आणि पेन्सिल दोघं दवाखान्यात माप घ्यायला गेलेले, ती वेळ मी मुद्दाम साधली होती.

पाचवीला बैठकीत आरशाखाली बसवलं आणि मालकांकडून मागून घेतलेला डोळा तिच्या डोळ्याशेजारी धरला. पिवळ्या दिव्याखाली दोन्ही एक होते. मग तिला आत नेलं, खिडकीपाशी. तिथे डोळ्यात शेवाळ्याची झाक आली. एकदा दिसल्यावर मलाही दिसायला लागली.

धाकटी दारात येऊन उभी राहिली होती.

"ये आत," मी म्हटलं. "कापडाच्या दुकानात दिव्याखाली जुळवलेला तुकडा आपण दारात नेऊन उन्हात बघतो. का, तर दिव्याखाली जुळलेले रंग उन्हात फितूर होतात. पेन्सिल मुलींना बघतो ते या खिडकीत, तो ही चूक करणार नाही. मालकांना सही रेषेवर करता येत नाही. भुताला उजेड कुठला हे बघावं लागत नाही. हा डोळा ज्याने केला, त्याने या मुलींना फक्त बैठकीतच बघितलंय, तासभर समोर बसवून. आणि रंगवलाय घरी, दिव्याखाली."

धाकटी आत येऊन ताईच्या टेबलापाशी थांबली.

"रेषा कधी चुकल्या नाहीत, कारण चार वर्षं त्या तूच काढत होतीस. चुकला तो फक्त रंग. तो ताई जुळवायची ना?"

तिने रिकाम्या खुर्चीच्या पाठीला हात टेकला. बसली नाही. "खिडकीत बसून. दिवसा. डब्या भरून रंग घरी आणायची. हात माझा, नजर तिची. मला ठाऊकच नव्हतं गं की उन्हाचा रंग वेगळा असतो. चार वर्षांत तिने एकदाही सांगितलं नाही." मग पाचवीकडे वळून म्हणाली, "तू पेटीशी लावून बघते म्हणालीस. पेटीतली शेवटची बुबुळं माझ्या हातची आहेत. पेटी मी नेली. काउंटरखाली कापसाच्या खोक्यात आहे. आणि मग तुझ्या पिशवीची झडती मीच घेतली."

पाचवीने ओठ घट्ट मिटले होते. "मी रात्र-रात्र झोपले नाहीये, मावशी."

"मी पण नाही."

"त्याने माझं काय होतं?"

धाकटीकडे वळून मी विचारलं, "मुलींना घाबरवायचं होतं तुला?"

"पहिलीला नाही. तेव्हा मला बघायचं होतं, ताईशिवाय जमतं का. डोळा केला, टेबलावर ठेवला. वाटलं, मालक विचारतील, कुणी केला? मी म्हणेन, मी. ती मुलगी किंचाळून पळाली आणि सगळे म्हणाले, ताई आली! ताई आली!" तिने टेबलाकडे बोट केलं. "मग मला मी म्हणताच येईना. मी केला म्हटलं, तर चार वर्षं ताईने काय केलं? मालक मेलेल्या बाईकडून पगार परत मागतील. भावोजींना कळेल. आणि जागा भरली गेली तर काउंटरच्या माझ्या चौदा हजारांत त्यांचं मशीन चालायचं कसं? मग पळू दिलं. दुसरीला, तिसरीला."

"आणि काचेवरचा आकडा?"

भिंतीवरचे सगळे डोळे तिच्याकडे लागले होते आणि तिला त्याची सवय होती.

"पगाराच्या दिवशी जेवणं झाल्यावर ताई टेबलावर दोन गड्ड्या ठेवायची. वीस मिळतात, दहा तुझे, दहा माझे. हात तुझा, नजर माझी, अर्धं अर्धं. मला इतका अभिमान वाटायचा, बाई! ताईच्या बरोबरीची झाले म्हणून. त्या दहातले मी पाच परत तिच्याच हातात द्यायची, भावोजींच्या औषधाला म्हणून. आणि ती घ्यायची." तिने दाराकडे बघितलं. "मग एक दिवस मालकांनी ती जाहिरात चिकटवली आणि म्हणाले, ताईंचाच पगार आहे हो, एक पैसा कमी केला नाही. मी म्हटलं, हो. दिवसभर फोन घेतले. घरी जाऊन तिच्या फोटोला विचारलं, ताई, दहा मला, अडतीस तुला गं?"

पाचवीने नकळत खिडकीला पाठ टेकली.

"सगळे भावोजींसाठीच गेले, ठाऊक आहे मला," धाकटी म्हणाली. "स्वतःला एक नवा स्वेटर घेतला नाही तिने. मागितले असते तर सगळे दिले असते मी. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस. मागितले नाहीत, तेच. आता विचारू कुणाला? मालक म्हणतात भूत आहे. असतं तर बरं झालं असतं. दर परीक्षेला डोळा रंगवून त्या टेबलावर ठेवत होते, की ये, एकदा ये आणि सांग."

मी हातातला डोळा ताईच्या टेबलावर ठेवून दिला.

७

मालक आल्यावर मी त्यांच्यापुढे माझं अर्धं पान ठेवलं. त्यात लिहिलं होतं, की पाचवी मुलगी निर्दोष असून तिच्या नजरेला तोड नाही. पेटी कुठे सापडली ते लिहिलं नव्हतं. पण धाकटी स्वतःच पेटी घेऊन खोलीत आली आणि तिने सगळं सांगितलं. फक्त दोन गड्ड्यांचं तेवढं सांगितलं नाही. ताईने तिला फसवलं, हे तिने त्या खोलीत एका शब्दाने येऊ दिलं नाही.

मालक आधी लाल झाले, मग पांढरे, आणि मग धंदेवाईक. चार वर्षांची उत्तम बुबुळं काउंटरवर बसून फोन घेत होती, हे त्यांच्या ध्यानात आलं.

"झालं ते झालं," ते म्हणाले. "ताईंकडून काय परत मागणार मी. बस तू त्या खुर्चीवर. आता किती मिळतात तुला? चौदा ना? आपण असं करू, वीस करू."

सवय इतकी मुरलेली होती की त्यात कपटसुद्धा नव्हतं. मी मान वळवून काचेच्या दाराकडे बघितलं. मालकांनी माझी नजर बघितली आणि घसा खाकरला.

"तिला रंग जुळवता येत नाही, मालक," पाचवी म्हणाली. "खिडकीत बसून तो मला जुळवता येतो. रेषा मला जमत नाहीत, त्या तिला जमतात. माफ केलंय असं नाही हां, मावशी. ते नंतर बघू. काम वेगळं."

मालकांचा चेहरा उजळला. त्यांना गणित सापडलं होतं. "मग तर सोपं झालं! एक जागा, दोघी जणी. चोवीस-चोवीस. अर्धं अर्धं!"

धाकटीने पेटी टेबलावर ठेवली. मी तिला तोवर हसताना बघितलं नव्हतं. ते हसू ताईसारखं होतं असं पेन्सिल नंतर म्हणाला, आणि त्याच्या अंगावर काटा आला होता.

"अर्धं अर्धं मी एकदा केलंय, मालक," ती म्हणाली. "आता आधी काचेवर लिहा. दोन कामं, दोन आकडे, आणि पेन्सिलचाही. सगळ्यांना वाचू दे. मग मी बसते."

मालक माझ्याकडे बघत राहिले. मी पर्स आवरायला घेतली. जाहिरातीचा कागद दुपारपर्यंत बदलला. कसा बदलला, ते मालक आणि त्यांचा देव जाणे. बरीच आदळआपट झाली. पण दोघींच्या आकड्यांपैकी एकही अठ्ठेचाळीसच्या खाली नव्हता, आणि पेन्सिल तो कागद तीनदा वाचून आला.

फी घेऊन निघताना मी आतल्या खोलीत डोकावले. पाचवी खिडकीत डब्या मांडत होती. धाकटी ताईच्या खुर्चीत बसली होती, अगदी काठावर, अजून पाहुणी असल्यासारखी. तिने पेटीच्या तळातून एक बुबुळ काढलं. गडद, शांत, बाहेरच्या कडेला किंचित निळसर.

"कुणाचं?" मी विचारलं.

"तिचंच. शेवटचं. रंग तिने स्वतः आरशात बघून जुळवलेला, रेषा मी काढल्या." तिने ते पाचवीला दिलं. पाचवीने उन्हात धरलं, फिरवलं, आणि मान डोलावली. त्यात कुठलीही झाक नव्हती.

मला वाटलं, ती ते परत पेटीत ठेवेल किंवा घरी नेईल. तिने ते टेबलाच्या कडेला ठेवलं आणि बोटाने हळूच वळवलं, बैठकीतून पलीकडे, काचेच्या दारावरच्या नव्या कागदाकडे तोंड करून.

"आता बघू दे तिला," धाकटी म्हणाली आणि तिने कुंचला उचलला.